आधी कोणाचं दळलं

अजिंठा चौफुलीपलीकडे शेतं होती तेव्हा
माझ्या गिरणीत दोनच आवाज :
दादरचा जड, बाजरीचा किरकिरा.
श्रावणात कानबाईच्या रोटाचे गहू यायचे,
त्या दिवशी दगड पुसून, धूप फिरवून.

मग चटईचे कारखाने आले.
भाजलेले हरभरे घेऊन रामसकल आला,
दरभंग्याचा. म्हणाला, सत्तू. बारीक.
वासानं सगळी रांग मागे वळली.
मग गेंदीबाई पावरा, डोक्यावर मका,
भाव विचारला बोटांनी.

शिरगणतीवाल्याला मी म्हणालो,
दारोदार कशाला हिंडता मास्तर,
माझ्याकडच्या डब्यांची झाकणं उघडा.
तो हसला नाही.
त्याच्या कागदात धान्याचा रकाना नव्हता.

सुपडूनाना मात्र अजून विचारतात,
डबा खाली न ठेवता :
"ह्याच्याआधी कोणाचं दळलं?"
मी मूठभर दादर वाया घालवतो त्यांच्यासाठी.
पीठ उडतं, बसतं
पत्र्यावर, काट्यावर, नानांच्या टोपीवर,
सत्तूसकट.

यंदा ऐन रोटाच्या दिवशी पट्टा तुटला.
रामसकलनंच चढवला,
चपला बाहेर काढून,
कोणी न सांगता.
नाना तेव्हा रस्त्याकडे बघत होते.

रात्री सुरतेहून योगराजचा फोन.
चौथी खोली बदलली म्हणे.
"आठे कयना कोनी दयी देत नही, आबा.
विचारतस, हाई काय शे?"

पाठवतो, म्हणालो.
पहाटे ज्वारी-उडीद मोजून घेतले,
एकट्यानं दळले, पिशवी शिवली.
कळण्याला थोडा सत्तूचा वास होता.
राहू दिला.