शिट्टी

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यामागे,
जुन्या ट्रॉलरच्या फळ्यांचं स्टेज.
'काळा कातळ' नऊला येणार होते,
आले पावणेअकराला.
आंबोलीत टायर फुटला म्हणे.

मी पुढे. इतकी पुढे
की बेसची तार वाजली
ती आधी बरगडीत,
मग कानात.

गाणारी मुलगी कोल्हापूरची,
दम्याचा पंप जीन्सच्या खिशात.
दोन गाण्यांच्या मधे पाठमोरी होऊन ओढायची
आणि वळून अशी ओरडायची
की जेटीवरची कुत्री गप्प.

मला वाटलेलं, रॉक म्हणजे
केस, चामड्याचं जाकीट, धूर.
धूर होता. सुरमई भाजत होते कुणीतरी.

मोठा ड्रम ओल्या फळीवर सरकत होता.
आमचा सुकूर त्याच्यापुढे उकिडवा बसला,
दोन्ही हातांनी धरून,
अख्खा तास,
प्रत्येक ठोका तळव्यात घेत.
शेवटी माइकवरून सगळ्यांची नावं घेतली,
जनरेटरवाल्याचंसुद्धा.
त्याचं नाही.

सकाळी आई विचारते, "आयकतंस मां?"
कानात एकच बारीक शिट्टी.
मी नुसती मान हलवते,
तीही बेतानं.

सुकूर अंगणात बसलाय,
भाकरी पुढ्यात तशीच,
तळवे उघडे ठेवून.