दरपत्रक

फेब्रुवारीत, अंगातला स्वेटर उतरायच्या आत,
शंकरनगरच्या एका कोचिंग क्लासच्या गच्चीवर
मी ताडपत्री उचलून कुलर मोजत होतो.
कागदावर अठ्ठावन्न.
खानझोडे साहेब खालूनच बोलले होते,
"सगळे चालू आहेत हो, फक्त ताट्या बदलायच्या."

वॉचमन बागडे विडी विझवत जवळ आला.
"पाच तं मेलेच हायेत, भाऊ. टाकीले हे एवढं भोक.
मांगचा ठेकेदार मे महिन्यातच पयाला."
"कावून?"
"कमी भरले व्हते त्यानं."

एका जुन्या ताटीवरून हात फिरवला.
बोअरच्या पाण्याचा खार,
पांढरा, कडक, वाळ्याच्या काडीकाडीला धरलेला.
नखानं खरवडला, जिभेला लावला.
गेल्या उन्हाळ्याची चव तीच असते
कुणाचाही उन्हाळा असो.

बावीस वर्षं मी रज्जाकभाईच्या हाताखाली.
मोटरचा आवाज ऐकून बुश सांगू शकतो,
अंधारात पंपाची वायर जोडू शकतो,
पण भाव?
भाव ते सांगायचे, आत, एसीत बसून.
मी बाहेर शिडी धरायचो.

रात्री कुंदानं पोरीच्या वहीचं मधलं पान फाडून दिलं.
त्रेपन्न कुलर, तीन-तीन ताट्या,
एकशे एकोणसाठ, गुणिले नव्वद.
बारा पंप जास्तीचे, तीन हजार.
हाताखाली एक पोरगा, पंधरा दिवस, पाचशे रोज.
छोटा हत्तीचं भाडं नऊशे.

आता सगळ्यात अवघड :
अख्ख्या सीझनचा एकच आकडा द्यायचा
की खेपेप्रमाणे?
मार्चात एखाद्या संध्याकाळी गारा पडतात,
टिनावर तडतड, अंगणात पांढरा सडा,
मग आठ दिवस कुणी कुलरचं बटण दाबत नाही
आणि खेपेचा माणूस घरी बसतो.
पण नवतपा लागला
की एकाच आकड्याचा माणूस
धावून धावून मरतो.
आभाळाला विचारून कुणी दर भरत नाही.
मी सीझनचा लिहिला.
पंचवीस हजार सातशे दहा.
वर थोडं आपलं म्हणून सत्तावीस केले.

कुंदानं कागद दिव्याकडे धरला,
वरून खाली, पुन्हा वरून.
"ताट्या आहेत, पंप आहेत,
पोरगा आहे, गाडी आहे.
यात तुम्ही कुठं आहात?"

मी खरंच नव्हतो.
तेरा आठवडे, आठवड्याला दोन चकरा,
टाकीत वाकलेला, शेवाळ काढणारा,
शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभा,
तो माणूस कोणत्याच ओळीत नव्हता.
सव्वीस चकरा, पाचशेप्रमाणे.
हा आकडा लिहिताना पेन दोनदा अडलं,
उधार मागतोय असं वाटलं.

अडतीस हजार सातशे.
लिफाफ्याला डिंक लावला, सकाळी देऊन आलो.
ठवकरनं साडेसव्वीस भरले.
काम त्याला गेलं.
रज्जाकभाई भेटले, म्हणाले,
"अरे पराते, पहिल्याच खेपेला एवढा चढा?"
मी हसलो. त्यांच्याच शिडीला हात लावून
पुन्हा रोजीनं कामाला लागलो.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात,
पारा सेहेचाळीसवर,
टेकडी गणपतीजवळ कांदाभजीची गाडीही उभी नाही,
दुपारी फोन वाजला.
खानझोडे.
एका श्वासात चौदा पंप, तीन वर्ग, पालकांची बोंब,
आणि ठवकर फोन उचलत नाही.
"तुमचा तो दर... आताच्या आता चालेल का?"

कुंदा समोर बसून पन्ह्याचा गूळ फोडत होती.
तिनं काही विचारलं नाही.
मी म्हणालो, "साहेब, तो सीझनचा होता.
आता खेपेचा सांगावा लागेल."
आणि पुढचा आकडा बोलण्याआधी
वहीचं ते पान शोधायला उठलो.
कपाटात असेल. नाहीतर गादीखाली.
"धरा," म्हणालो, "एक मिनिट धरा."