दोनशे तीनची झोप

सोमवारी पहिल्यांदा तो केशरी कोई
तळाच्या दगडावर कूस घासताना दिसला.
एकदा. मग पुन्हा.
पोट लखकन पालटून परत गप्प, जसं काही झालंच नाही.
बी विंगची मुलं म्हणाली, खेळतोय.
घुलेकाका म्हणाले, वारं फिरलंय, जनावराला आधी कळतं.
मला काही वाटलं नाही. मी वेळ लिहून ठेवली.
चौतीस वर्षं दुसऱ्यांचं रक्त काचेवर पसरलं,
वाटून घ्यायची सवय तिथंच सुटली.

मंगळवारी काळ्या ठिपक्यांची मादी कोपऱ्यात एकटी,
पर अंगाशी आवळलेले,
गार वाऱ्यात पदर ओढून घ्यावा तसे.
बुधवारी कुणी खायला वर आलं नाही.
(मुरमुरे टाकू नका, हे मी तीनदा सांगितलंय.)
गुरुवारी पाणी नव्हतं. माझ्याही नळाला.

शुक्रवारी पहाटे पावणेसहाला खाली गेले.
बावधनची टेकडी अजून नुसती काळी रेघ,
आणि अकराच्या अकरा तोंडं पाण्याच्या कडेला:
आ, आ, आ.
नाव आठवेना म्हणून थबकलेल्या माणसांसारखी.

रास्ता पेठेतला मोईन फोनवर म्हणाला,
मावशी, अंगाला किडा असेल, खडेमीठ टाका.
मी आधी माळ्यावरून मायक्रोस्कोप उतरवला.
केशरीला ओल्या पंचात धरलं,
त्याच्या अंगावरचं बुळबुळीत काचेवर घेतलं.
खरं सांगते, मला किडा हवा होता.
किडा दिसला की दोषी सापडतो,
औषधाला नाव असतं, दुकानाला पत्ता असतो.
काच स्वच्छ निघाली.

मग पाणीच तपासलं. नळीत थेंब टाकले.
पिवळं राहायला हवं होतं,
कढीपत्त्यासारखं हिरवं झालं.
अमोनिया. त्यांचंच, त्यांच्याच अंगातून आलेलं,
आणि वाहून न गेलेलं.

रात्री अकराला जिन्यात उभी राहिले.
घुलेकाका आले, पंपाचं बटण खाली केलं.
"दोनशे तीनच्या साहेबांना आवाजानं झोप येत नाही.
बारा दिवस झाले, मॅडम. सेक्रेटरींनीच सांगितलंय."

म्हणजे मे महिन्याचं ते कोमट पाणी
रोज रात्री सात तास श्वास धरून बसत होतं.
मासे विचित्र वागत नव्हते.
जमेल तसं सांगत होते, कुशीनं, परांनी, तोंडानं,
आणि आम्ही वाऱ्याकडे बघत होतो.

तक्रार वहीत लिहिलं: पंप रात्री चालू ठेवावा.
फ्लॅट क्रमांकाच्या रकान्यात काय लिहावं
यावर पेन जरा अडलं.

अर्धं पाणी बदललं, टाकीतलं, दोन दिवस उघडं ठेवलेलं.
मादी मंगळवारी जेवली.
केशरी रविवारीच गेला होता.
जास्वंदीखाली पुरला, मुलांनी वर गोटे रचले.

पंप आता रात्रभर चालतो.
दोनशे तीनचे साहेब जिन्यात भेटले की मान वळवतात.
खरं तर माझीही झोप गेली आहे.
आवाजानं नाही.
आवाज थांबला तर कळावं, म्हणून.