नर अद्याप अज्ञात

आमट्याच्या वरच्या रानात, किंदळीच्या सालीखाली
तिळाएवढी बसली होती.
आमचा प्रयोगशाळेचा शिपाई भरमाण्णा
तंबाखू मळता मळता म्हणाला,
"बाई, हे बघा की. हे आपल्यातलं न्हवं."

मग तीन पावसाळे गेले.
मी आठही डोळे मोजले, पायांवरचे काटे,
पोटावरची राखी नक्षी.
पुण्याला फोटो, कलकत्त्याला पत्र.
ती कुणाच्याच घरात बसेना.
शेवटी नवी प्रजाती मांडावी लागली तिच्यापुरती,
आणि त्या प्रजातीत जाती एकच.

"म्हंजे आडनावाला माणूस एकच?"
तसंच काहीसं.
"आणि जात?"
एकच.
भरमाण्णा टेबल पुसत राहिला. मग म्हणाला,
"बरं हाय की.
पालखीला खांदा कुणी द्यायचा
ह्यावर मारामारी न्हाई ह्यांच्यात."

जाळं विणत नाही ती.
एकच धागा, ह्या सालीपासून त्या सालीपर्यंत,
आणि त्यावर एक पाय ठेवून रात्रभर बसायचं.
भरमाण्णाची आई हिला जेड म्हणायची, बाप कोळी.
घरात दोन्ही चालायचं.
केरसुणी एकच होती.

राहिली कुपीतली चिठ्ठी.
नखाएवढा कागद, स्पिरिटमध्ये न विरघळणारी शाई.
गाव आमटे. तालुका खानापूर.
जिल्हा,
इथे माझं पेन थांबलं.
शेवटची वेलांटी द्यावी, की नको?
त्या एका वेलांटीपायी
आमच्या गल्लीतल्या पाटीला दोनदा डांबर लागलंय,
आणि माझ्या मामाच्या दुकानाची काच
अजून पुठ्ठ्याची आहे.
लोंढ्याची पॅसेंजर शिट्टी देऊन गेली.
शाई निबावर वाळली.

नुसते अक्षांश लिहिले. रेखांश.
उंची, समुद्रसपाटीपासून.
संग्राहक: भ. य. बेळगुंदकर.
(स्वतःचं नाव इतकं बारीक बघून तो हसला,
मग भिंग मागून घेऊन पुन्हा बघितलं.)
मादी: एक.
नर: अद्याप अज्ञात.

ती शेवटची ओळ त्याला काही पटली नाही.
तेव्हापासून दर रविवारी रान.
साल उचलतो, बॅटरी मारतो,
परत जागच्या जागी दाबून बसवतो,
घरमालकाची कडी लावावी तशी.
सोमवारी त्याच्या बाहीवर भुगा असतो.

काय दिसलं?
"एक धागा."
आणि दुसऱ्या टोकाला?
तो परीक्षानळ्या धूत असतो, मान वर करत नाही.
"बघालोय की, बाई.
गडबड कसली."