चारपैकी तीन

मगदूम बाईंनी फळ्यावर लिहिलं : पाट.
खाली आकडे, एक ते चार.
सातवी ब, वडणगे. खिडकीबाहेर गुऱ्हाळाचा धूर.
“वेगवेगळे अर्थ लिहा. प्रत्येकी एक गुण.”

मी लिहिलं, बसायची फळी.
फणसाची, खाली दोन आडव्या पट्ट्या,
पाव्हणं आलं की भिंतीवरनं उतरणारी.
पितळी फुलं ठोकलेली असली तर जावयाची,
नसली तर आमची.

मग लिहिलं, पाण्याचा.
तो तर घरातलाच, कारण केरबा पाटकरी होता
पाणीपुरवठा संस्थेचा. खांद्यावर खोरं, ढोपरापर्यंत चिखल,
कुणाच्या उसाला किती तास ते तोंडपाठ,
आणि त्यावरची भांडणं आमच्याच दारात.

तिसरा नदीचा.
पंचगंगा फुगली की चिखली, आंबेवाडी, सगळं एकच.
शिवाजी पुलावर माणसं तो पाट बघायला येतात,
नवी सून बघायला यावं तशी.
त्या वर्षी नदी आमच्या चुलीपर्यंत आली
आणि जाताना एक फळी घेऊन गेली.
“पाट पाटात गेला,” आई म्हणाली, आणि हसली.
गाळ उपसताना हसलेली गल्लीत ती एकटीच.

चौथ्या आकड्यापुढे मी टोपण चावत बसले.
येत नव्हता असं नाही.
नळावर येत होता, पंगतीत येत होता,
ओटी भरताना आईला ओलांडून
पुढं जाणाऱ्या हातातही येत होता.
शेजारच्या बाकावरच्या सुलभानं तो लिहिला,
वही तिरकी करून मला दाखवलासुद्धा :
पाट लावणे, विधवेचे दुसरे लग्न.
शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

मी ती ओळ कोरी ठेवली.
केरबाला बाबा म्हणायची जागाही.

आता रंकाळ्याजवळ फ्लॅट, तिसरा मजला, लिफ्ट बहुतेक बंद.
उरलेला एक पाट फ्रिजमागं उभा,
गणपतीला निघतो, परत जातो.
परवा केरबा आला डोळे दाखवायला.
एवढासा झालाय. खुर्चीवर बसला की पाय अधांतरी.
मी पाट काढून त्याच्या पायाखाली सरकवला.
चटका बसल्यासारखे पाय वर ओढले त्यानं.
“पाटावर पाय देत्यात व्हय गं?”
उचलून मांडीवर घेतला,
आणि नीट दिसत नाही म्हणून बोटानंच
लाकडाची रेघ न रेघ चाचपत गेला,
पाणी कुठं तुंबलंय ते बघावं तसा.

मी काही विचारलं नव्हतं.

“आमच्या वक्ताला बसाया पाट न्हवता.
घोंगड्यावरच उरकलं. रातचं.
वाजंत्री न्हाई, कंदील बी पदराआड.
त्यात माझी पाणी सोडायची पाळी.
गाठ मारली न् तसाच मळ्याकडं निघालो.
मागं बघतोय तर तुझी आई.
खांद्यावर तू झोपल्याली, हातात कंदील.
उघडा.”

मग बराच वेळ गप्प.
आमटी गार झाली.

“पाटाच्या कडंला बसली व्हती फटफटीस्तवर,” म्हणाला.
“एक सरी भरली की
कंदील पुढच्या सरीवर धरायची.”