मागून आमेन

बावीस वर्षं घरातली प्रार्थना यांचीच.
संध्याकाळी मी चटई टाकायची, डोक्यावर पदर घ्यायची.
हे भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे
आणि बोलायला लागायचे,
आदामापासून सरपंचापर्यंत कुणी सुटायचं नाही.
भाजी करपू नये म्हणून मी एक कान चुलीकडं ठेवायचे.
वाक्य उतरणीला लागलं की कळायचं,
मी म्हणायचे, आमेन.
एवढंच माझं काम.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी
यांचं उजवं अंग गेलं, अंगासोबत शब्द गेले.
जालन्याला दवाखान्यात सतरा दिवस.
रणपिसे पाळक येऊन डोक्यावर हात ठेवून गेले.
सुवार्तानं नर्सिंगच्या होस्टेलवरून फोन केला,
आई, आता रोजची तू कर ना.
मी काय करू?
माझ्याकडं एकच शब्द होता,
तोही शेवटचा.

मी क्रॉसिंगला जाते, अंबड रस्त्याला,
बियाण्याच्या कपाशीत.
दुपारनंतर, उद्या उमलेल ती कळी हुडकायची,
नखानं सोलायची,
आतली पिवळी भुकटी खरडून टाकायची,
वर लाल कागदाची टोपी.
सकाळी टोपी काढून नर फूल तिला लावायचं
आणि देठाला दोरा बांधायचा.
म्हणजे बोंड वेचताना कळतं,
हे हाताखालून गेलेलं आहे.

फुलाला रविवार नसतो.
मंडळी दगडी चर्चमध्ये दुसऱ्या गीताला उभी असेल,
तेव्हा मी ओळीत वाकलेली,
मनातून चोरासारखी.
एका रविवारी घंटा ऐकू आली.
इतक्या लांब येत नाही खरं तर,
वारा तिकडून होता.
सवयीनं तोंडातून गेलं, आमेन.
आणि हात थांबला.
कामून म्हणलं मी? कुणाच्या मागून?
पुढं तर कुणी बोललंच नव्हतं.

का बोललं होतं?

शेजारच्या ओळीतून कौसाबाई ओरडली,
काय झालं ओ दीनाबाई, साप का?
नाही म्हणलं, दोरा तुटला.

त्या संध्याकाळी चटई टाकली.
उभी नाही राहिले.
बाजेला टेकून बसले, यांचा मेलेला हात मांडीवर घेतला
आणि देवबापाला सांगायला लागले.
आज सातशे तीस फुलं झाली. पाठ लई दुखते.
डॉक्टरनं गोळी बदलली, ती महाग आहे, तुला माहीत असेल.
पोरीची फी राहिली.
काल रात्री यांचं अंथरूण दोनदा बदललं,
दुसऱ्या वेळी मी चिडले,
यांच्यावर नाही, तुझ्यावर.
तू तिथंच होतास ना तेव्हा,
चादरीचं दुसरं टोक धरून?
एकट्या बाईनं एवढा जड माणूस कुशीवर वळत नाही.

बावीस वर्षं मला वाटायचं
तू यांच्या तोंडासमोर असतोस, त्या भिंतीपाशी.
मी लांब, मागं, पदराखाली.
तू तर माझ्याच चटईवर होतास रे,
करपणाऱ्या भाजीकडं कान देऊन.

मग बोलणं सरलं.
शेवट कसा करतात ते येईना,
उतरण सापडेना.
दिव्याभोवती किडे फिरत होते, मी त्यांच्याकडं बघत बसले.
आणि बाजेवरून,
वाकड्या ओठातून, लाळेसकट, हे म्हणाले,
मेन.

आ कुठं राहिला कुणास ठाऊक.
मी पदरानं यांचं तोंड पुसलं.
उद्या कळ्या जास्त आहेत,
लवकर निघायचंय.