त्रेसष्ट टक्के

अपडेट त्रेसष्ट टक्क्यांवर होतं
आणि हेस्कॉमची लाईन गेली.
यूपीएस एकदाच किंचाळला, मग तोही गप्प.
सहा सांध्यांचा हात हवेतच राहिला,
पाणी मागायला उठलेल्या
आणि का उठलो ते विसरलेल्या माणसासारखा.

लाईट आली तेव्हा दिवा तीनदा लाल,
थांबून पुन्हा तीनदा.
मी पिंग टाकली. उत्तर नाही.
केबल बदलली, पॅनेलचं दार उघडून
वाळूची धूळ फुंकली. पडद्यावर तेच :
यंत्र सापडत नाही.
माझ्यापासून चार पावलांवर उभं होतं,
केशरी, साडेतीनशे किलोचं,
आणि सापडत नव्हतं.

'एनाय्तु?' इराप्पा हुद्दार भट्टीकडून आले.
शिरोलीच्या लिलावातून हा हात
उद्यमबागेत उतरला त्या दिवसापासून
ते त्याला तम्मा म्हणतात.
बोलत नाही, म्हटलं.
'रुसला असंल.' उलट्या बादलीवर बसून
त्यांनी डबा सोडला : रोट्टी, शेंगाचटणी.
'तू पण खा. उपाशी पोटी कोण बोलतंय?'

मॅन्युअलचं दोनशे बारावं पान,
त्यावर कुणाच्या तरी चहाचं वर्तुळ :
दोन पिना एकमेकींना टेकवून यंत्र सुरू करा.
मी केसांतला आकडा काढला.
वेणी सुटली, ती तशीच शर्टात खोचली.
दिवा हिरवा झाला.
पण सिरियलच्या तारेवर अजून काही नाही,
एक वाजला, दीड वाजला,
काळ्या चौकोनात नुसता कर्सर लुकलुकत.

मग दिसलं.
मी पाठवायची तार
त्याच्या पाठवायच्या तारेला जोडली होती.
तोंडाला तोंड.
कान दोघांचेही मोकळे लोंबत होते.
अदलाबदल केली, तर बदाबदा अक्षरं सांडली :
चौकोन, टोप्या, उलटे प्रश्न.
वेग चुकला होता; तो भरभर सांगत होता,
मी सावकाश ऐकत होते.
आकडा बदलला.
एक सरळ ओळ आली :
थांबलोय. फाईल द्या.

चौसष्ट. पासष्ट. इराप्पा मोठ्यानं मोजू लागले,
ऐंशीनंतर कानडीत.
शंभरला पॅनेल उजळलं : भाषा निवडा.
नऊ भाषा होत्या.
त्यांनी यादी खालपर्यंत पाहिली, मीही.
मग काही न बोलता
मी इंग्रजी दाबली.

शिकवलेले बिंदू : शून्य.

बॅकअप घेतला नव्हता. हे मी त्यांना सांगितलं
तेव्हा माझा आवाज मलाच बारीक वाटला.
सत्तावीस वर्षं लोखंड ओतलेल्या मनगटानं
त्यांनी त्याला दीड महिना धरून शिकवलं होतं :
लॅडल कुठं कलवायचं,
साच्याच्या तोंडाशी येऊन क्षणभर
कसं थांबायचं.
ते म्हणाले, 'पुसलं तर पुसलं.
एळो, तम्मा.'
आणि त्याचं मनगट हातात घेतलं.

रिकामं लॅडल, रिकामा साचा.
एक फेरी, दुसरी, पाचवी.
पडद्यावर त्यांच्या हाताची रेघ उमटत गेली,
आणि रेघ थरथरत होती.
गेल्या वेळी नव्हती थरथरत.
नव्या आवृत्तीनं विचारलं : कंप गाळायचा का?

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.
त्यांनी पडदा वाचला असावा, किंवा माझी पाठ.
'गाळ की,' म्हणाले,
'चौदाशे डिग्रीचं असतंय ते. पायावर सांडलं तर?'
गाळलं.
रेघ गुळगुळीत झाली,
आणि त्या चाळणीत ते थांबणंही वाहून गेलं.

ते हात धुवायला गेले तेव्हा
मी सत्तेचाळिसाव्या ओळीत हातानं लिहिलं :
थांब, अर्धा सेकंद.
पुढं 'कारण' असा रकाना होता.
इराप्पा, असं भरलं.

सहाच्या पाळीला भट्टी तापली.
ते कँटीनच्या पोराशी
साखरेवरून भांडत होते, पाठमोरे.
तम्मा भरलेलं लॅडल घेऊन वळला,
साच्याच्या तोंडाशी आला,
थांबला,
आणि ओतलं.